अंतःस्थापित लिनक्स प्रणालींतील विन्यास फाइलींचे जतन : पॅकेज अद्ययावतीकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

संगणक म्हटला की टेबलावरचा पडदा, कळफलक आणि त्यासमोर बसलेली व्यक्ती असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. तथापि पडदा नाही, कळफलक नाही आणि समोर कोणी बसलेलेही नाही, अशा संगणकांची संख्या आज फार मोठी आहे. इमारतीच्या छताजवळ बसविलेला राउटर, प्रयोगशाळेत तापमानाची नोंद ठेवणारा रास्पबेरी पाय, कारखान्यातील यंत्राचे नियंत्रण करणारी छोटी पेटी या सर्वांत एका ठराविक कामापुरता बांधलेला संगणक दडलेला असतो. अशा रचनेस अंतःस्थापित प्रणाली असे म्हणतात आणि अशा अनेक प्रणाली लिनक्सवर चालतात.

या उपकरणांचे वर्तन ठरविणाऱ्या सूचना लहान लहान मजकूर-फाइलींत लिहिलेल्या असतात. उपकरणाचा जालपत्ता कोणता, कोणास प्रवेश द्यावयाचा, नोंदी कोठे पाठवावयाच्या, हे सर्व तेथे नमूद असते. इंग्रजीत त्यांना कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख विन्यास फाईल असा केला आहे. आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविताना या फाइलींचे काय व्हावे, हा वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा प्रश्न आहे. परंतु चुकीच्या उत्तरामुळे दूरच्या ठिकाणी बसविलेले उपकरण कायमचे संपर्काबाहेर जाऊ शकते. म्हणूनच या प्रश्नाचे स्वरूप, त्यावर योजलेले उपाय आणि त्या उपायांच्या मर्यादा यांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. दोन कर्तव्यांमधील संघर्ष

अद्ययावतीकरण टाळणे हा या प्रश्नावरचा सर्वांत सोपा उपाय वाटतो. तो स्वीकारार्ह नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या ग्रंथालय-आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. त्या दोषामुळे दूरच्या व्यक्तीस संगणकाच्या स्मृतीतील गोपनीय मजकूर वाचता येत होता. नवी आवृत्ती बसविणे हाच त्यावरील खरा इलाज होता. ज्या उपकरणांत ती बसविली गेली नाही, ती दोषासह चालत राहिली.

उलटपक्षी, स्थानिक विन्यास पुसला जाणे हेही तितकेच घातक आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी आज्ञावलीने मोठ्या संख्येने कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. निर्मात्याने घालून दिलेले मूळ सांकेतिक शब्द न बदललेली उपकरणे शोधणे, एवढीच तिची मुख्य युक्ती होती. यावरून असे दिसते की, वापरकर्त्याने विचारपूर्वक केलेला बदल हा पुष्कळदा सुरक्षेचाच भाग असतो. अद्ययावतीकरणाच्या ओघात तो नाहीसा होऊन मूळ विन्यास परत आला, तर आज्ञावली नवी असूनही उपकरण पूर्वीपेक्षा असुरक्षित होईल. तात्पर्य, आज्ञावली बदलली पाहिजे आणि विन्यास टिकला पाहिजे, अशी दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावयाची असतात.

२. सामाईक मालकीचा प्रश्न

लिनक्स प्रणालीतील फाइलींची मालकीच्या दृष्टीने विभागणी केल्यास या संघर्षाचे मूळ ध्यानात येते. ‘यूएसआर’ निर्देशिकेतील आज्ञावल्या वितरकाच्या असतात; त्या बदलण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ‘होम’ निर्देशिकेतील मजकूर वापरकर्त्याचा असतो. त्याला वितरकाने हात लावावयाचा नाही. मात्र ‘ईटीसी’ निर्देशिकेतील विन्यास फाईल या दोहोंपैकी कोणा एकाची नसते. तिचा पहिला मसुदा वितरक देतो, त्यावर दुरुस्ती वापरकर्ता करतो आणि पुढील आवृत्तीत वितरकही आपला मसुदा बदलतो. दोन शेतांमधील सामाईक बांधासारखी तिची अवस्था असते. एकाने तो नांगरला की दुसऱ्याची तक्रार ठरलेली. पुढे विचारात घेतलेले सर्व उपाय या बांधाची व्यवस्था लावण्याचेच निरनिराळे मार्ग आहेत.

३. डेबियनमधील त्रिपक्षी तुलना

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने या प्रश्नाचे एक नेटके उत्तर दिले. रास्पबेरी पायची अधिकृत कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने अंतःस्थापित प्रणालींच्या अभ्यासात या उत्तराला विशेष महत्त्व आहे. डेबियनच्या धोरणानुसार स्थानिक बदल अद्ययावतीकरणात टिकले पाहिजेत आणि पॅकेज नुसते काढून टाकले तरी विन्यास फाईल शिल्लक राहिली पाहिजे. संपूर्ण निर्मूलनाची आज्ञा दिली तरच ती पुसावयाची असते.

या धोरणाची अंमलबजावणी ‘डीपीकेजी’ हे पॅकेज-साधन करते. पॅकेज बसविताना त्यातील प्रत्येक घोषित विन्यास फाइलीची एमडी५ पद्धतीची अंक-मुद्रा नोंदवून ठेवली जाते. नवी आवृत्ती आली की तीन मुद्रांची तुलना होते : मागील पॅकेजमधील मूळ फाईल, उपकरणावर प्रत्यक्ष असलेली फाईल आणि नव्या पॅकेजमधील फाईल. त्यातून चार शक्यता संभवतात. कोणीच बदल केला नसेल तर काही करावयाचे नसते. केवळ वितरकाने बदल केला असेल तर नवी फाईल निमूटपणे बसविली जाते. केवळ वापरकर्त्याने बदल केला असेल तर त्याची फाईल तशीच राहते. दोघांनीही बदल केला असेल तरच साधन थांबते आणि कोणती फाईल ठेवावयाची, असे विचारते. जुनी ठेवल्यास नवी फाईल ‘डीपीकेजी-डिस्ट’ या प्रत्ययासह शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारल्यास जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ या प्रत्ययासह उरते. दोन्ही बाबतींत नाकारलेली प्रत नष्ट होत नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. वापरकर्त्याने एखादी विन्यास फाईल हेतुपुरस्सर पुसली असल्यास तो निर्णयही मानला जातो. फाईल आपोआप परत आणली जात नाही.

रेड हॅटने १९९५ मध्ये प्रचारात आणलेल्या आरपीएम या पद्धतीत निर्णयाचा भार पॅकेज बांधणाऱ्यावर टाकला आहे. फाईल साध्या विन्यास-खुणेने नोंदविली असेल आणि दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल, तर स्थानिक फाईल ‘आरपीएमसेव्ह’ या प्रत्ययाने बाजूला ठेवून नवी फाईल लागू होते. ‘नोरिप्लेस’ ही खूण जोडली असेल तर स्थानिक फाईल लागू राहते आणि नवी ‘आरपीएमन्यू’ या प्रत्ययाने येते. येथे प्रश्न विचारला जात नाही. त्यामुळे काम अडत नाही. परंतु काय घडले हे नंतर शोधावे लागते.

४. प्रश्न विचारला जातो, उत्तर देणारे कोणी नसते

डेबियनची पद्धत समोर बसलेल्या प्रशासकास गृहीत धरते. अंतःस्थापित उपकरणाच्या बाबतीत हे गृहीतकच लागू होत नाही. रात्री आपोआप चालणाऱ्या अद्ययावतीकरणात डीपीकेजीने प्रश्न विचारला आणि उत्तराचा मार्गच उपलब्ध नसेल, तर ते त्रुटी नोंदवून थांबते आणि पॅकेज अर्धवट मांडलेल्या अवस्थेत राहते.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘डेबियन फ्रंटएंड’ हे परिवर्तक ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ असे ठेवले की सर्व प्रश्न बंद होतात, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात त्याचा परिणाम केवळ ‘डेबकॉन्फ’ या प्रश्नावली-यंत्रणेवर होतो. विन्यास फाइलींविषयीचा प्रश्न डीपीकेजी स्वतः विचारते आणि त्याचे उत्तर वेगळ्या पर्यायांनी द्यावे लागते. ‘कॉन्फडेफ’ हा पर्याय, जेथे ठरीव कृती उपलब्ध असेल तेथे ती करावी, असे सांगतो; ‘कॉन्फओल्ड’ हा पर्याय जुनी फाईल ठेवण्यास सांगतो. दोन्ही एकत्र दिल्यास उपकरण प्रश्नासाठी थांबत नाही आणि स्थानिक विन्यासही सुरक्षित राहतो. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही स्वयंचलित सुविधा तर असे पर्याय दिलेले नसल्यास प्रश्न उद्भवणारे पॅकेज बाजूलाच ठेवते. अशा वेळी उपकरण सुरळीत चालताना दिसते. मात्र एखादे महत्त्वाचे पॅकेज जुनेच राहिलेले असते आणि नोंदी न वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

जुनी फाईल ठेवण्याचे धोरण निर्दोष नाही, हेही नमूद केले पाहिजे. वितरकाने नव्या मसुद्यात एखादा कमकुवत पर्याय बंद केला असेल, तर तो सुधार उपकरणापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ‘डीपीकेजी-डिस्ट’ प्रत्ययाच्या फाइली अडगळ मानू नयेत. त्या वितरकाने पाठविलेल्या आणि अद्याप न वाचलेल्या सूचना असतात.

५. मूळ फाईल न बदलता बदल करणे

सामाईक बांधाचा तंटा मिटविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे बांधच वेगळे करणे. अलीकडील अनेक आज्ञावल्या मूळ फाइलीसोबत एक पूरक निर्देशिका वाचतात. मूळ फाईल वितरकाची. पूरक निर्देशिकेतील लहान तुकडे वापरकर्त्याचे. मूळ फाईल अस्पर्शित राहिल्याने त्रिपक्षी तुलनेत ‘केवळ वितरकाने बदल केला’ हीच शक्यता उरते आणि प्रश्न उद्भवतच नाही.

२०१० मध्ये जाहीर झालेल्या ‘सिस्टमडी’ या सेवा-व्यवस्थापकाने ही पद्धत रूढ केली. वितरकाच्या सेवा-फाइली यूएसआर निर्देशिकेखाली असतात, तर ईटीसीखाली सेवेच्या नावाच्या निर्देशिकेत वापरकर्ता आपला तुकडा ठेवतो. संपूर्ण सेवा-फाईल ईटीसीमध्ये उतरवून घेण्याचीही मुभा आहे. परंतु तसे केल्यास ती प्रत वितरकाच्या फाइलीस पूर्णपणे झाकून टाकते आणि वितरकाच्या पुढील सुधारणा लागू होत नाहीत. ‘सिस्टमडी-डेल्टा’ ही आज्ञा असे झाकलेले भाग दाखविते. ‘एक्झेकस्टार्ट’सारखी सूचना बदलावयाची असल्यास तुकड्यात प्रथम तिची रिकामी ओळ लिहून जुने मूल्य पुसावे लागते, हा तपशील अनेकदा नजरेतून सुटतो.

अग्रक्रमाचा नियमही सर्वत्र सारखा नाही. सिस्टमडी व ‘सिसकंट्रोल’ यांत सामान्यतः नंतर वाचलेले मूल्य प्रभावी ठरते. दूरस्थ प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ या सेवेत मात्र प्रथम वाचलेले मूल्य ग्राह्य धरले जाते. तुकडे समाविष्ट करण्याची सोय या सेवेत २०२० मधील ८.२ या आवृत्तीपासून आली. डेबियनने ती समावेशाची ओळ मुख्य फाइलीच्या आरंभीच ठेवली आहे, त्यामुळे वापरकर्त्याचा तुकडा मुख्य फाइलीवर मात करतो. ज्याने सिस्टमडीचा नियम येथे लावून आपला तुकडा वर्णानुक्रमाने शेवटी येईल असे नाव दिले, त्याची सूचना आधीच्या तुकड्यातील विरोधी सूचनेपुढे निष्प्रभ ठरेल. पद्धत एक असली तरी नियम प्रत्येक आज्ञावलीचा वेगळा, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

६. राउटरवरील व्यवस्था : ओपनडब्ल्यूआरटी

२००४ मध्ये आरंभ झालेला ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या खुल्या झालेल्या स्रोतावरून विकसित झाला. राउटरमधील साठवण अत्यल्प असल्याने येथे निराळी रचना आढळते. मूळ प्रणाली ‘स्क्वॅशएफएस’ या केवळ वाचता येणाऱ्या, दाबून बसविलेल्या स्वरूपात असते आणि तिच्यावर लिहिता येणारा एक थर पसरलेला असतो. वापरकर्त्याने बदललेली फाईल वरच्या थरात जाते. मूळ प्रत ‘रोम’ या निर्देशिकेत पाहावयास मिळते. जणू छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर दुरुस्त्या लिहाव्यात, अशी ही योजना आहे.

या रचनेमुळे एक मर्यादा उत्पन्न होते. मूळ प्रणालीतील पॅकेजची नवी आवृत्ती बसविली तरी खालच्या थरातील जुनी प्रत पुसता येत नाही. त्यामुळे वरचा थर लवकर भरतो. याच कारणास्तव सर्व पॅकेजे सरसकट एकेक करून अद्ययावत करू नयेत, असा प्रकल्पाचा सल्ला आहे. त्याऐवजी ‘सिसअपग्रेड’ या आज्ञेने संपूर्ण प्रणाली-प्रतिमा बदलली जाते. ही आज्ञा जतन करावयाच्या फाइलींचा गठ्ठा बांधते, नवी प्रतिमा लिहिते आणि पहिल्या सुरुवातीच्या वेळी तो गठ्ठा परत उतरविते. काय जतन होणार, याची यादी आधी पाहता येते. यादीत नसलेल्या फाइलीचे नाव ईटीसीमधील ‘सिसअपग्रेड’ विन्यास फाइलीत स्वतः घालावे लागते. वापरकर्त्याने स्वतः लिहिलेली आज्ञा-फाईल इतरत्र ठेवली आणि तिचे नाव या यादीत घातले नाही, तर ती नव्या प्रतिमेत सापडत नाही. शिवाय विन्यास जतन झाला तरी वापरकर्त्याने अधिक बसविलेली पॅकेजे सामान्यतः पुन्हा बसवावी लागतात.

७. संपूर्ण प्रतिमा बदलण्याची पद्धत

औद्योगिक उपकरणांत पॅकेज व्यवस्थापकच न ठेवण्याकडे कल दिसतो. राउक, एसडब्ल्यूअपडेट व मेंडर यांसारखी साधने दोन समांतर विभाग बाळगणाऱ्या उपकरणांसाठी वापरली जातात. चालू विभागास धक्का न लावता दुसऱ्या विभागात नवी प्रणाली लिहिली जाते आणि ती सुरू न झाल्यास उपकरण जुन्या विभागाकडे परतते. अशा वेळी विन्यास तिसऱ्या, स्वतंत्र विभागात ठेवावा लागतो.

‘ओएसट्री’ या प्रणालीने येथेही त्रिपक्षी तुलना योजली आहे. वितरकाचा मूळ विन्यास यूएसआरखालील ईटीसी निर्देशिकेत अबाधित असतो. नवी आवृत्ती उभारताना नवा मूळ विन्यास आधार म्हणून घेतला जातो आणि जुन्या मूळ विन्यासाच्या तुलनेत स्थानिक पातळीवर बदललेल्या फाइली त्यावर ठेवल्या जातात. तुलना फाइलींच्या पातळीवर होते, ओळींच्या नव्हे. म्हणजे एका ओळीचा बदल केला तरी संपूर्ण फाईल स्थानिक मानली जाते. प्रत्येक उभारणीस स्वतःची ईटीसी असल्याने मागे फिरल्यास जुना विन्यासही परत मिळतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

८. जतन झालेला विन्यास निरुपयोगी ठरतो तेव्हा

आतापर्यंतच्या विवेचनावरून फाईल टिकली की काम झाले, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो योग्य नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये डेबियन १२ वर आधारलेली रास्पबेरी पाय कार्यप्रणाली आली, तेव्हा जालजोडणीचे काम ‘डीएचसीपीसीडी’कडून ‘नेटवर्क मॅनेजर’कडे देण्यात आले. स्थिर जालपत्ता जुन्या फाइलीत लिहिण्याची पद्धत होती. ती फाईल नव्या कार्डावर जशीच्या तशी उतरविली तरी तिच्याकडे पाहणारे कोणी उरले नाही. उपकरण वेगळाच पत्ता घेऊन बसू लागले. त्याच वेळी ‘कॉन्फिग’ या आरंभ-फाइलीचे स्थानही ‘बूट’ निर्देशिकेतून तिच्याखालील ‘फर्मवेअर’ निर्देशिकेत गेले.

ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ या आवृत्तीत याच्या विरुद्ध प्रकारची अडचण आली. काही उपकरणांत जालद्वारांची व्यवस्था ‘एसडब्ल्यूकॉन्फिग’कडून ‘डीएसए’ या नव्या पद्धतीकडे गेली. येथे जुना विन्यास वाचला जाईल, पण त्याचा अर्थ लागणार नाही, अशी स्थिती होती. म्हणून अशा उपकरणांवर सिसअपग्रेड विसंगतीचा इशारा देऊन थांबते आणि विन्यास न ठेवता नव्याने मांडणी करण्यास सांगते. पहिल्या उदाहरणात फाईल निःशब्दपणे निरर्थक झाली, तर दुसऱ्यात यंत्रणेने स्पष्ट नकार दिला. दूरस्थ उपकरणांच्या दृष्टीने दुसरे वर्तन गैरसोयीचे असले तरी अधिक प्रामाणिक आणि सुरक्षित होय.

९. व्यवहारात पाळावयाची पथ्ये

वरील चर्चेतून पुढील कार्यपद्धती निष्पन्न होते.

(अ) शक्य तेथे मूळ फाईल बदलू नये. पूरक तुकडा लिहावा आणि त्या आज्ञावलीचा अग्रक्रम-नियम तपासून घ्यावा.

(आ) ईटीसी निर्देशिकेचा इतिहास ठेवावा. ‘ईटीसीकीपर’ हे साधन तिच्यातील बदल गिटसारख्या आवृत्ती-भांडारात नोंदविते आणि पॅकेज बसविण्यापूर्वी व नंतर आपोआप नोंद करते. मात्र त्या इतिहासात सांकेतिक शब्दही जातात. म्हणून भांडार खुले ठेवू नये.

(इ) स्वयंचलित अद्ययावतीकरणात विन्यासविषयक पर्याय आधीच ठरवून द्यावेत. प्रत्येक वेळी बाजूला ठेवल्या गेलेल्या फाइली शोधून वाचाव्यात.

(ई) सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी विन्यासाची चाचणी घ्यावी. ओपनएसएसएच व एनजिनएक्स यांत त्यासाठी स्वतंत्र आज्ञा-पर्याय आहेत.

(उ) जालविन्यास बदलताना परतीची वाट ठेवावी. ओपनडब्ल्यूआरटीच्या ‘लुसी’ या जाल-पटलात, बदलानंतर ठराविक अवधीत संपर्क पुन्हा झाला नाही तर जुना विन्यास परत आणण्याची सोय आहे. इतरत्रही हे तत्त्व अवलंबिता येते.

(ऊ) एकाच प्रकारची अनेक उपकरणे असल्यास प्रथम हाताशी असलेल्या एका उपकरणावर प्रयोग करावा. ज्याच्यापर्यंत पोहोचण्यास शिडी अथवा प्रवास लागतो, त्याचा क्रमांक शेवटी लावावा.

निष्कर्ष :

विन्यास फाईल ही वितरक आणि वापरकर्ता यांची सामाईक मालमत्ता असते, हे या प्रश्नाचे मर्म आहे. डेबियनने तुलना करून व विचारून, आरपीएमने पूर्वनिर्णयाने, सिस्टमडीने जागा वेगळ्या करून, ओपनडब्ल्यूआरटीने थर रचून आणि ओएसट्रीने मूळ प्रत अबाधित ठेवून त्याची उत्तरे दिली. यांपैकी कोणतेही साधन विन्यासाचा अर्थ जाणत नाही. ते केवळ फाईल बदलली की नाही एवढेच जाणते. अर्थ जाणण्याची जबाबदारी अखेर मनुष्यावरच राहते. म्हणून कोणता बदल केला याबरोबरच तो का केला, याची एक ओळ त्या फाइलीतच टिप्पणीरूपाने लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच लावणे इष्ट ठरेल. उपकरण बसविणारी व्यक्ती बदलीवर किंवा अन्यत्र जाते. उपकरण मात्र तेथेच राहते आणि पुढील अद्ययावतीकरणाच्या वेळी निर्णय घेणाऱ्यास ती एक ओळच मार्गदर्शक ठरते.